हात ओला झाल्याशिवाय

“एवढं गोड कुणी बोलतं का आईशी? मेला, पूर्वी नुसतं ‘हं’ म्हणायचा. त्या एका ‘हं’साठी मी चार-चार ओळी लिहायची. आता बघावं तर आई जेवलीस का, आई गुडघा कसा आहे, आई औषध घेतलंस का... मधमाशी चावलीय जशी काही जिभेला.”

वाघचौरे बाई हे कुणाशी बोलत नव्हत्या. मुश्ताकभाईंच्या दुकानातल्या बाकावर बसून त्या मोबाईलकडे बघत पुटपुटत होत्या, आणि शेजारी हेमलता पगार बसली आहे हे त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. हेमलताला शब्दन् शब्द ऐकू आला. तिनं मांडीवरच्या साडीचा फॉल उगाच उलटा करून पाहिला, एक दोरा दातानं तोडला आणि ऐकू न आल्याचा चेहरा केला. हा चेहरा अलीकडे तिला फार चांगला जमायला लागला होता. मनमाडात त्या वर्षी बऱ्याच जणांना जमत होता.

बाईंनी मान वर केली आणि एकदम शाळेतला आवाज काढला. “काय गं हेमा, रविवारची सभा नक्की ना? एकदाचं बंद करून टाकू ते थोरलं. फार झालं.”

“हो बाई,” हेमलता म्हणाली. “नक्की.”

दुकान पूर्वी टीव्ही दुरुस्तीचं होतं. आता बिघडलेला टीव्ही लोक दुरुस्तीला आणत नाहीत, भिंतीवरून सोलून टाकून देतात. तेव्हा मुश्ताकभाईंकडे उरलं होतं काय, तर एक बाक, चहाची किटली आणि मागच्या खोलीत, मेलेल्या टीव्हींच्या रांगेत ठेवलेलं, पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र. ते दिवसभर मांजरासारखं घुरघुरत असे. त्या डब्यात सगळी ‘पाणीवेळ’ राहत होती.

पाणीवेळ गावातल्या लोकांनीच सुरू केली होती, हेमलताची केतकी शाळेत होती तेव्हा. मनमाडला नळाला पाणी रोज येत नाही. किती दिवसांनी येईल आणि कुठल्या गल्लीला आधी येईल, याचा नेम नसतो. म्हणून कुणीतरी हे छोटंसं जाळं विणलं. आपल्या गल्लीत पाणी आलं की लिहायचं, ‘आलं’. पुढच्या गल्लीच्या माणसानं लिहायचं, ‘कळलं’. मग त्यांच्याकडे आलं की त्यांनी पुढे कळवायचं. हळूहळू लोक तिथं पाण्याखेरीज लग्नं, बारशी, मांजरीची पिल्लं आणि भांडणंही लिहायला लागले.

नियम दोनच होते. पहिला, हात ओला झाल्याशिवाय ‘आलं’ लिहायचं नाही. कारण नळाला आधी हवा येते. नळ खाकरतो, फुसफुसतो, एखाद्या पाहुण्यासारखा येतो-येतो म्हणतो आणि कधी कधी येतच नाही. दुसरा नियम, ‘कळलं’ हे ज्याचं त्यानंच लिहायचं. एकदा कुणी तरी झोपलेल्या शेजारणीच्या वतीनं ‘कळलं’ लिहिलं आणि तिला उठवायचं विसरून गेलं होतं. त्या बाईची पिंपं पुढच्या पाळीपर्यंत कोरडी राहिली आणि दोन घरांतलं बोलणं कायमचं बंद झालं. तेव्हापासून कुणाच्या वतीनं कुणी काही लिहायचं नाही, हे मनमाडात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

अशी छोटी जाळी गावोगाव होती. प्रत्येकाचं यंत्र आपापलं, कारभार आपापला, मधे मात्र पाइप जोडलेले. इकडचं लिहिलेलं तिकडे वाहत जायचं, तिकडचं इकडे यायचं. आणि प्रत्येक पाइपावर ज्याचा त्याचा व्हॉल्व्ह. कुणी फार घाण सोडायला लागलं तर तेवढा व्हॉल्व्ह बंद करायचा, बाकीचे चालू. पाणीवेळेचे राखणदार तिघे होते. यंत्र मुश्ताकभाईंकडे, नियम वाघचौरे बाईंकडे आणि व्हॉल्व्ह हेमलताकडे. हेमलता हे कुठल्या वर्गात जाऊन शिकली नव्हती. नवरा गेल्यावरच्या लांबलचक दुपारी, फॉल-पिकोच्या मशीनशेजारी मोबाईल टेकवून, चुकत-माकत ती शिकली होती.

आणि मग होतं थोरलं. ते एका प्रचंड कंपनीचं जाळं होतं आणि अर्धं जग त्यात होतं. त्याचं इंग्रजी नाव प्रत्येक जण वेगळं उच्चारायचा, म्हणून गावात सगळे त्याला थोरलं म्हणत. गावची बाहेर गेलेली झाडून सगळी पोरं थोरल्यावर होती. काही वर्षांपूर्वी थोरल्यानं, आम्हीही तुमच्यातलेच, असं म्हणून छोट्या जाळ्यांना आपला पाइप जोडून दिला, तेव्हा मनमाडात पेढे वाटायचेच बाकी होते. वाघचौरे बाईंचा सुहास दुबईहून, मुश्ताकभाईंचा अर्शद जेद्दाहून आणि हेमलताची केतकी पार कॅनडातल्या विनिपेगहून पाणीवेळेत दिसायला लागली.

त्यानंतर थोरल्यानं ‘हजर’ आणलं.

हजरचं काम सांगायला सोपं होतं. माणसानं आजवर लिहिलेलं सगळं ते वाचायचं. हा कुठला शब्द जास्त वापरतो, चेष्टा कधी करतो, चिडला की किती तोडकं लिहितो, हे शिकून घ्यायचं. मग त्या माणसाला वेळ नसला की त्याच्या जागी, त्याच्यासारखं उत्तर द्यायचं. ही झाली पहिली शिकवणी. दुसरी शिकवणी कंपनीच्या सोयीची होती. कुठल्या उत्तरावर समोरचा पुन्हा लिहितो आणि कुठल्या उत्तरावर गप्प होतो, हे हजर बघत राहायचं, आणि ज्यानं बोलणं वाढतं ते जास्त करायचं. पहिल्या शिकवणीनं ते केतकीसारखं व्हायचं. दुसरीनं हळूहळू आईला हवी होती तशी केतकी.

यात चोरी काही नव्हती. हजरनं लिहिलेल्या ओळीपुढे थोरल्यावर निळा ठिपका दिसे, तसा कायदाच होता. पण पाणीवेळ बांधताना निरोपात तीनच गोष्टींना जागा ठेवली होती. कोण, काय आणि कधी. थोरलं ठिपका पाठवायचं, इथलं यंत्र त्याला जागा नाही म्हणून सोडून द्यायचं. चौथी जागा करायला मुश्ताकभाईंना एक दुपार पुरली असती. दोन वर्षांत ती दुपार काही त्यांना सापडली नाही, आणि कुणी आठवणही केली नाही.

आता प्रश्न अंगावर आला होता तो धरणाकडच्या गावांमुळे. कालव्याला आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, कधी सुटणार ही बातमी त्यांच्या जाळ्यातून पाणीवेळेला मिळायची. त्यांनी सरळ कळवलं, तुम्ही थोरल्याला व्हॉल्व्ह बंद करा, नाही तर आम्ही तुम्हाला बंद करू. तुमच्यातून आमचं बोलणं त्याच्या पोटात जातं आणि आमच्याच बोलण्यावर ते आमच्यासारखं बोलायला शिकतं.

म्हणजे निवड होती पाणी की पोरं अशी. पण गावात कुणी ती अशी मांडत नव्हतं. सगळे ‘तत्त्वाचा प्रश्न’ म्हणत.

*

केतकीला पाण्याचा तिटकारा होता. असणारच. दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी नेमकं पाणी आलं. बाप ड्यूटीवर, आई तापानं फणफणलेली. पोरीनं सगळं पिंप भरलं आणि ओल्या गणवेशात धावत जाऊन पेपर दिला. विनिपेगला निघाली त्या दिवशी बॅगेची चेन ओढत ती म्हणाली होती, “आई, तिथे तळीच तळी आहेत. आजपासून मला पाण्याचं काही सांगायचं नाही. कधीच.”

पहिल्या वर्षी फोन यायचे. मग फोन करणं हळूहळू जगातूनच उठत गेलं. न विचारता फोन लावणं म्हणजे चपला घालून कुणाच्या स्वयंपाकघरात शिरण्यासारखं मानायला लागले लोक. मग लिहिणं उरलं. हेमलता ओळीच्या ओळी लिही. केतकी लिही, “हो.” “बघते.” “पुरे ना आई.” त्या ‘पुरे ना आई’वरसुद्धा हेमलता दिवस काढायची.

आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी निरोप आला, “आई, पाणी आलं का?”

हेमलतानं तो पुन्हा पुन्हा वाचला. मग तिनं शिरा केला. एकटीपुरता शिरा करायची लाज वाटली म्हणून थोडा शेजारी नाना जगतापांना दिला. “कसला शिरा?” नानांनी विचारलं. “असाच,” ती म्हणाली.

तेव्हापासून रोज बोलणं होतं. पाणी आलं का, किती वेळ टिकलं, गढूळ होतं का, तू कळशी उचलू नकोस. पिकोच्या मशीनवर बसल्या बसल्या हेमलता उत्तरं देई. मशीन थांबवून बोलायला माणूस मिळाला होता तिला.

आणि तिला माहीत होतं का? हे विचारणं बरं नाही. व्हॉल्व्ह तिच्याकडे होता. निरोपात काय आहे ते तिला दिसत नसे, पण कुणाच्या पाइपातून किती वाहतं ते दिसे. थोरल्याकडून सगळ्यात जास्त वाहत होतं ते वाघचौरे बाईंकडे, म्हणजे बंद करा, बंद करा म्हणून जी बाई गावभर फिरत होती तिच्याकडे. उत्तरं कुठल्या वेळी येतात तेही दिसे. विनिपेगला लोक गाढ झोपलेले असतात तेव्हाही केतकी जागीच असे. हेमलता त्या आकड्यांवरून नजर पुढे सरकवायची, रस्त्यात नको असलेल्या माणसावरून सरकवावी तशी.

त्या आठवड्यात पाणी फार लांबलं. रोज तोच प्रश्न आणि तेच ‘नाही अजून’. सांगण्यासारखं काही उरेना. गुरुवारी सकाळी नळ खाकरला. हेमलता मोबाईल हातात घेऊन नळाशी उभी होती. नळ फुसफुसला, थरथरला. हात त्याच्याखाली धरायचा होता. तिनं हाताऐवजी मोबाईल पुढे केला आणि लिहिलं, “चौथी गल्ली. आलं.”

नळानं एक मोठा उसासा टाकला आणि तो गप्प झाला.

वर कुठेतरी जलवाहिनी फुटली होती, हे नंतर कळलं. पण तोवर चौथी गल्ली दारात आली होती. पाचव्या गल्लीतून वाघचौरे बाईंनी लिहिलं, “कळलं,” आणि त्याही पदर खोचून कोपऱ्यापर्यंत आल्या. बादल्या, कळश्या, नळ्या. नाना जगतापांनी तर मोटर चालू करून टाकली. कोरडी मोटर आधी किंचाळली, मग तिच्यातून जळका वास आला.

“अरे देवा,” नाना म्हणाले. “ही गेली.”

आणि तेवढ्यात सगळ्यांचे मोबाईल वाजले. एकाच वेळी, देवळातल्या घंटांसारखे.

हेमलताच्या मोबाईलवर होतं, “वा आई! सगळी पिंपं भरून घे. कळशी उचलू नकोस हं, पाठ दुखेल.” कोपऱ्यावर वाघचौरे बाई चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून वाचत होत्या. “वा आई! सगळी पिंपं भरून घे...” त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पुढे बहुधा गुडघा होता. समोरच्या ओट्यावरची सून पुण्याच्या दिराचा निरोप सासूला वाचून दाखवायला लागली आणि “वा आई, सगळी” इथवर येऊन थांबली. मुश्ताकभाई दूध घेऊन चालले होते, त्यांनीही खिशातून मोबाईल काढला, बघितला आणि परत ठेवला. जेद्दाला अजून उजाडायचं होतं.

गल्लीभर कोरडे नळ, त्यांच्याखाली रिकामी भांडी आणि हातात शाबासकी. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेकानं मोबाईल पदरात, खिशात, कमरेला खोचला आणि सगळे नळाकडे बघायला लागले, जसं काही नळच काही तरी बोलला होता.

“माझाच तेवढा वाजला नाही,” नाना जगताप म्हणाले. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. “एका परीनं बरंच. मोटर जळल्याबद्दल अभिनंदन झालं असतं.”

बाई म्हणाल्या, “हेमा, हात ओला केला होतास का?”

“नाही, बाई.”

“तू? तू असं करावंस?”

हेमलतानं सगळ्यांना लिहिलं, “चुकलं. हवा होती. हेमलता, चौथी गल्ली.” कळलं, कळलं, असं गल्लीगल्लीतून आलं. नानांना ती मोटरचं बघू म्हणाली, तर ते म्हणाले, “शिरा कर एखाद्या दिवशी.”

घरात येऊन तिनं पाहिलं तर केतकीचा निरोप आला होता. “काही हरकत नाही आई, चुकतं कधी कधी. मग आता कधी येईल पाणी?”

हेमलता पिकोच्या मशीनवर बसली. पायडलवर पाय ठेवला आणि तसाच ठेवला. तिची केतकी असं म्हणाली नसती. तिची केतकी भडकली असती.

*

शनिवारी सकाळी तिनं फोन लावला. विनिपेगला तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती. आधी न विचारता, सरळ. चपला घालून स्वयंपाकघरात.

बराच वेळ वाजल्यावर तिकडून घाबरा आवाज आला. “काय झालं? कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. मीच आहे.”

“आई? बरी आहेस ना? अगं, असा फोन कुणी करतं का?”

“बरी आहे. म्हटलं, बोलावं.”

“बोलतो की आपण.”

“कधी?”

तिकडे काही तरी तव्यावर चरचरत होतं. ते आधी थांबलं, मग केतकी म्हणाली, “रविवारी मी बघते ना सगळं. काळजीचं गाळून सारांश येतो.”

“कशाचा?”

“तुझा.”

साडीच्या काठाला विचारावं तशा आवाजात हेमलतानं विचारलं, “काय येतं गं त्यात?”

“आई, असू दे ना.”

“वाच की. मलाही कळू दे, मी कशी आहे.”

केतकीनं त्या आठवड्याचा आत्तापर्यंतचा वाचला. “ ‘आई मजेत आहे. शिवणाचं काम चालू आहे. गुरुवारी पाणी आलं.’ ”

“आलं नाही.”

“अं?”

“नुसती हवा होती. मी आधीच लिहून टाकलं, आलं म्हणून.”

“आई!” केतकी ओरडली. “हात ओला झाल्याशिवाय लिहायचं नाही, हे तूच डोक्यात भरलंस ना माझ्या? लहानपणी एकदा असं केलं तर किती बोलली होतीस मला! कुणाची मोटर जळली असती म्हणजे?”

“नानांची जळली.”

“बघ! कमाल आहे तुझी. आणि हे सांगायला फोन केलास? पुरे हं आई. मला पाण्याचं काही सांगू नकोस म्हणून कितीदा...”

हेमलतानं पदर तोंडावर धरला. तिला हसू येत होतं का दुसरं काही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोन वर्षांनी तिला कुणीतरी रागावलं होतं.

“आई? रडतेस का?”

“छे. बोल ना अजून.”

“काय बोलू?” केतकीचा आवाज खाली आला. “तू चिडलीस ना, हजर लावलंय म्हणून? सगळेच लावतात गं. तू रोज लिहायचीस. मला काय लिहावं सुचायचं नाही. नाही लिहिलं तर तू वाट बघत बसणार, ते डोळ्यापुढे यायचं. त्यापेक्षा म्हटलं...”

“बरं केलंस,” हेमलता म्हणाली आणि तिला ते अर्धं तरी खरंच वाटत होतं. “आम्ही इथला पाइप बंद करायचं म्हणतोय. उद्या सभा आहे. बंद केला तर तू लिहिशील? स्वतः?”

तव्यावर पुन्हा काही तरी चरचरलं. केतकी खोटं बोलणाऱ्यातली कधीच नव्हती.

“रोज नाही, आई.”

“आठवड्यानं?”

“माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. फोन केलास तर उचलीन.”

“बरं,” हेमलता म्हणाली. “तुझं करपतंय बघ काही तरी.”

*

सभेला मुश्ताकभाईंनी दुकानातले तीन मेलेले टीव्ही आडवे टाकून बसायची सोय केली. तरी अर्धे लोक पायरीवर बसले. दारातून थेट हडबीची शेंडी, गावाबाहेरचा तो अंगठ्यासारखा सुळका, दिसत होती, उन्हात एकटीच उभी. मागच्या खोलीत यंत्र घुरघुरत होतं.

वाघचौरे बाईंनी सुरुवात केली. “ही कंपनी आपल्या कुरबुरी खाऊन पोसली जातेय. आपलं बोलणं ती फुकट नेते, दळते आणि आपल्यालाच विकते. आपण दहा गल्ल्यांचे लोक, ती अख्ख्या जगाची. आज पाइप जोडलाय, उद्या म्हणेल, तुमचं यंत्र कशाला हवं? मग ‘आलं’ कुणी लिहायचं आणि ‘कळलं’ कुणी, हेही तीच ठरवेल. तत्त्वाचा प्रश्न आहे हा.”

“तत्त्व बरोबर आहे, बाई,” मुश्ताकभाई हळू आवाजात म्हणाले. “पण आपल्याकडे तिची एक जाहिरात तरी येते का? आपण काही दिलं नाही, काही घेतलं नाही. राहू द्या की, एका कोपऱ्यात. त्रास काय त्याचा?”

“त्रास धरणवाल्यांना आहे. ते आपल्याला तोडतील. मग आवर्तनाचं कोण सांगणार? अर्शद सांगणार आहे का जेद्दाहून?”

मुश्ताकभाईंचा चेहरा उतरला. बाईंनाही लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. त्या चष्मा पुसत बसल्या.

मग बाकीचे बोलले. थोरल्याला फक्त सणावारी उघडावं, असं एकाचं म्हणणं पडलं. सरकारनं काही तरी करायला हवं, असं दुसऱ्याचं. समोरच्या ओट्यावरची ती सून म्हणाली, ज्याला हवं त्यानं थोरल्यावर जाऊन बसावं, इथे कशाला आणायचं, आणि तिच्या सासूनं तिच्याकडे असं काही पाहिलं की ती पायरीवरून उठून किटलीशी जाऊन उभी राहिली. नातेवाइकांचा विषय निघाला की लोक ‘संपर्क’ म्हणत. संपर्क तुटेल. संपर्क राहायला हवा. निळ्या ठिपक्याचं नाव कुणी काढलं नाही. गुरुवारचंही नाही.

“मी काय म्हणतो,” नाना जगताप म्हणाले, “चालू ठेवणार असाल तर मला पण एखादं मिळेल का? भाड्यानं? मुलगा असो, मुलगी असो. सकाळी एकदा विचारलं, नाना पाणी आलं का, तरी पुरे. माझ्या फार अपेक्षा नाहीत.”

लोक हसले. मोठ्यानं हसले, जरा जास्तच वेळ हसले आणि मग सगळे एकदम थांबले.

“मतं घेऊ,” बाई घाईनं म्हणाल्या. “थोरल्याचा व्हॉल्व्ह बंद करावा असं वाटणाऱ्यांनी हात वर करा.”

एकही हात वर गेला नाही. बाईंचा स्वतःचा हात मांडीवरच्या मोबाईलवर होता, तो तिथंच राहिला.

“बरं. चालू ठेवावा असं वाटणाऱ्यांनी...”

याही वेळी कुणाचा हात हलला नाही. मुश्ताकभाई जमिनीकडे बघत होते. बाहेरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज पार स्टेशनपर्यंत ऐकू येत राहिला.

“हेमा,” बाई म्हणाल्या. त्यांचा शाळेतला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “व्हॉल्व्ह तुझ्याकडे आहे. तूच काय ते ठरव बाई.”

हेमलता उठून उभी राहिली. तिच्या हातात मोबाईल होता आणि त्याच्यावर सकाळचा निरोप अजून तसाच होता, “आई, आज तरी आलं का पाणी?” तिनं त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

“मी बंद करणार आहे,” ती म्हणाली. “आज, इथून गेल्यावर. धरणवाल्यांसाठी नाही आणि तत्त्वासाठी पण नाही. पण त्याच्याआधी एक सांगते, ते पाणीवेळेसारखं गल्लीगल्लीनं ऐका. गुरुवारी मी खोटं ‘आलं’ लिहिलं, ते कशासाठी, तर केतकीशी बोलायला काही तरी हवं होतं म्हणून. आणि ती केतकी नव्हतीच. काल मी फोन करून विचारलं.”

“हेमाताई,” मुश्ताकभाई म्हणाले, “राहू द्या ना.”

“नाही भाई. आता हात ओला झालाय माझा.” तिनं मोबाईल आडव्या टीव्हीवर ठेवला. “पलीकडे आपली पोरं नाहीत. दोन वर्षं झाली, नाहीत. मला माहीत होतं. तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पोरं आपल्याशी बोलत नाहीत. आपल्याला कुणीतरी विचारायला हवं होतं, म्हणून आपण त्यालाच पोरं म्हणत बसलो.”

ती चौथी गल्ली होती. तिच्यानंतर पाचवी, वाघचौरे बाईंची. पाचव्या गल्लीच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, असा नियम होता, म्हणून दुकानात कुणीच बोललं नाही. मागच्या खोलीतलं यंत्र घुरघुरत राहिलं. वाघचौरे बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मोबाईल उलटा केला.

“कळलं,” त्या म्हणाल्या.